सात दिवसांत अल्बम? रमोन्सनी १९७६ साली नक्की काय केलं

तुमचा प्रश्न असा आहे: "रमोन्सचा पहिला अल्बम सात दिवसांत, ६,४०० डॉलरमध्ये झाला असं सगळीकडे वाचतो. आम्ही चौघं कोल्हापुरात पंक वाजवतो, स्वतःची बारा गाणी आहेत. स्टुडिओवाले म्हणतात, दीड महिना धरा. मग रमोन्सना कसं जमलं? आम्हाला सात दिवसांत जमेल का?"

मी बावीस वर्षं पुण्यात साउंड इंजिनियर म्हणून काम करतोय, आणि पंक, म्हणजे वेगवान, सरळसोट रॉक वाजवणाऱ्या न्यूयॉर्कच्या या बँडचा हा अल्बम त्याच्याही आधीपासून माझ्यासोबत आहे. कॉलेजात एका मित्राच्या कॅसेटवर तो पहिल्यांदा ऐकला आणि बेस वाजवायला त्याच्याच आधारानं शिकलो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, बसून वाचा.

सात दिवस खरे आहेत आणि ६,४०० डॉलरही खरे आहेत. फेब्रुवारी १९७६ च्या पहिल्या आठवड्यात काम सुरू झालं. तीन दिवसांत वाद्यं झाली, पुढच्या चार दिवसांत गाणाऱ्यांचे आवाज झाले. पण ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण ती स्टुडिओच्या दारापासून सुरू करतात, आणि तिथेच गडबड होते. गणपतीत ढोल-ताशा पथक मिरवणुकीत चार तास वाजवतं, म्हणून कुणी म्हणत नाही की पथक चार तासांत तयार झालं. आधीचे दोन महिने नदीकाठी काय चाललं होतं ते आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. रमोन्सचा नदीकाठ म्हणजे न्यूयॉर्कच्या बावरी रस्त्यावरचा सीबीजीबी नावाचा बार.

हे चौघं क्वीन्स भागातल्या फॉरेस्ट हिल्सचे. बँड सुरू झाला १९७४ मध्ये, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते सीबीजीबीत पहिल्यांदा वाजवायला उभे राहिले. तिथला मालक हिली क्रिस्टल याची अट होती की बँडनं स्वतःची गाणी वाजवायची. दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवून लोकांना नाचवायचं, हा सोपा रस्ता तिथे बंद होता. रमोन्सचा सुरुवातीचा सगळा कार्यक्रम वीस मिनिटांतही संपायचा. दोन गाण्यांच्या मध्ये गप्पा नाहीत, बेस वाजवणाऱ्या डी डीनं चार आकडे मोजले की पुढचं गाणं सुरू. हे त्यांनी दीड वर्ष, रात्रीमागून रात्री केलं. स्टुडिओत पाऊल ठेवलं तेव्हा कुठल्याही गाण्यात कुठे थांबायचं, कुठे वळायचं, कुठला भाग चार वेळा घ्यायचा, यातलं काहीही ठरायचं शिल्लक नव्हतं.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. स्टुडिओतला वेळ वाजवण्यात जात नाही, ठरवण्यात जातो. दीड महिन्याचा हिशेब सांगणारा माणूस तुम्हाला फसवतोय असं समजू नका. त्यानं शंभर बँड पाहिलेत. शेवटचं कडवं दोनदा घ्यायचं की तीनदा, यावर चौघं तासभर वाद घालतात आणि मीटर चालू असतो, हे त्याला पाठ आहे.

आता बँडमधल्या त्या माणसाबद्दल, ज्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. टॉमी रमोन, मूळ नाव तमाश एर्देयी, जन्म बुडापेस्टचा. रमोन्समध्ये तो वाजवायला आलाच नव्हता. न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट या स्टुडिओत त्यानं इंजिनियरचं काम केलेलं होतं आणि बँडचं व्यवस्थापन बघायचं असा त्याचा विचार होता. तेव्हा ड्रमवर जोई होता. जोईला गायला पुढे आणल्यावर नवीन ड्रमवाला शोधायला सुरुवात झाली. जो येई तो कौशल्य दाखवी, मध्येच तुकडे टाकी. हवं ते सरळसोट वाजवणं कसं असतं हे दाखवायला टॉमी स्वतः ड्रमवर बसला, आणि मग तोच राहिला. म्हणजे या बँडचा ताल सांभाळणारा माणूस काचेच्या पलीकडे बसून आलेला होता. टेपवर काय टिकतं आणि काय चिखल होतं हे त्याच्या कानाला माहीत होतं. अल्बमवर निर्माता म्हणून क्रेग लिऑनचं नाव आहे, आणि सहनिर्माता म्हणून टी. एर्देयी. ते नाव उपकार म्हणून घातलेलं नाही.

दुसरी गोष्ट, गिटारवाल्या जॉनीचा उजवा हात. जॉनी बांधकामावर काम करणारा माणूस होता. पन्नास-एक डॉलरला घेतलेली मोजराइट गिटार, आणि सगळं वाजवणं डाउनस्ट्रोकवर, म्हणजे पिक फक्त वरून खाली. ब्लिट्झक्रीग बॉप या पहिल्याच गाण्याची लय मिनिटाला १७५ ठोक्यांच्या आसपास आहे. एका ठोक्याला दोन फटके धरले तर मिनिटाला साडेतीनशे, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सहा, आणि सगळे खालच्या दिशेनं. तुम्ही म्हणाल, खाली-वर वाजवलं तर निम्म्या कष्टात होतं. होतं, पण तसं वाजत नाही. वर येणारा फटका आधी पातळ तारांना लागतो, त्याचा आवाज हलका येतो, आणि एक जड, एक हलका असा झोका तयार होतो. सगळे फटके वरून खाली आले की झोका जातो आणि भिंत उभी राहते. तुमच्या गिटारवाल्याला सांगा, घड्याळ लावून अडीच मिनिटं हे करून बघ. पहिल्या महिन्यात दंड भरून येईल. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ गिटारवाल्यांना ते जमत नाही, आणि मग ते 'तो आवाज' येण्यासाठी नवीन पेडल विकत घेतात.

स्टुडिओचं नाव प्लाझा साउंड. तो रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर होता. तळघरातल्या कोंदट खोलीत बसून केलेला अल्बम, अशी लोकांची कल्पना असते. प्रत्यक्षात तो नाट्यगृहाच्या डोक्यावरच्या जुन्या, प्रशस्त स्टुडिओत झाला. तिथे पाइप ऑर्गन होता, आणि तो अल्बमवर चक्क वाजलाही आहे: क्रिस मोंटेझचं लेट्स डान्स हे अल्बममधलं एकमेव दुसऱ्याचं गाणं, त्यात नीट कान देऊन ऐका. आय वॉना बी युअर बॉयफ्रेंड या हळव्या गाण्यात ग्लॉकेनस्पील (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) आणि ट्युब्युलर बेल्स (नळ्यांच्या घंटा) आहेत. एवढ्या कमी वेळात, एवढ्या कमी पैशांत हे करायला त्यांना सवड मिळाली, कारण मूळ वाद्यांचं काम लवकर उरकलं होतं. तयारी असली की अशा हौसेला वेळ उरतो.

आता मिक्स, म्हणजे वेगवेगळे घेतलेले आवाज एकत्र जुळवणं. माझ्या मते या अल्बमचं खरं धाडस इथे आहे. बेस पूर्ण एका बाजूला, डावीकडे. गिटार पूर्ण दुसऱ्या बाजूला, उजवीकडे. ड्रम आणि आवाज मधोमध. साठच्या दशकाच्या सुरुवातीला बीटल्सच्या स्टीरिओ तबकड्या अशा विभागलेल्या असायच्या, त्याचंच हे मुद्दाम वाढवलेलं रूप. १९७६ येईपर्यंत तसं करणं जवळजवळ सगळ्यांनी सोडलं होतं. सगळे गिटार दोनदा-चारदा वाजवून दोन्हीकडे पसरवत होते. मी बेस शिकलो तो यामुळेच: डेकवरचा बॅलन्सचा खटका डावीकडे फिरवला की गिटार जवळजवळ नाहीशी व्हायची, आणि ड्रम, आवाज व डी डीचा बेस एवढंच उरायचं. उजवीकडे फिरवला की बेस गायब. अख्खा बँड उघडा करून समोर ठेवल्यासारखा. आज एका कानातला इअरफोन काढून ऐका, तेच कळेल.

अशी मांडणी चूक झाकत नाही. गिटार एकटी एका बाजूला उभी असते, तिच्या शेजारी दुसरी गिटार नसते. तार जरा उतरली, फटका जरा मागे पडला, तर लपायला जागा नाही. म्हणून म्हणतो, ओबडधोबड वाटणारा हा अल्बम अतिशय काटेकोर वाजवलेला आहे. आणि सगळंच काही एका दमात घेतलेलं नाही. जोईचा आवाज जागोजागी दोनदा गाऊन एकावर एक ठेवलाय, त्यामुळे त्याला ती धार आणि तो भरीवपणा आला. क्रेग लिऑननं याच अल्बमचा मोनो मिक्सही (डावं-उजवं न करता सगळं एकत्र) केला, जो २०१६ च्या चाळिसाव्या वर्षाच्या आवृत्तीत मिळतो. दोन्ही एकापाठोपाठ ऐका, तुमच्या अर्ध्या शंका तिथेच फिटतील.

पंक म्हणजे कमी ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे घेतलेले कमी थर, असा नियम मात्र मनात धरू नका. सेक्स पिस्टल्स या लंडनच्या बँडचा अल्बम ऑक्टोबर १९७७ मध्ये आला. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत क्रिस थॉमस आणि बिल प्राइस यांनी स्टीव्ह जोन्सच्या गिटारचे थरावर थर चढवले, आणि बहुतेक गाण्यांत बेसही जोन्सनंच वाजवला. तोही पंकच, आणि तोही उत्तम. उलट टोक बघायचं तर याच फेब्रुवारी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात फ्लीटवुड मॅक हा बँड रूमर्स हा अल्बम करायला बसला होता. तो बाहेर पडायला पुढचा फेब्रुवारी उजाडला. त्या अल्बमला तेवढा वेळ हवाच होता, कारण गाणी स्टुडिओतच घडत होती. तुमची गाणी कुठे घडतात हे आधी ओळखा, मग दिवस मोजा.

मी स्वतः एकदा यात चुकलोय, ते सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एक बँड आला, रंगमंचावर पेटून वाजवणारा. मी त्यांना प्रत्येकाला वेगळं बसवलं, कानात क्लिक, म्हणजे ठरलेल्या लयीची टिकटिक, दिला, आधी ड्रम, मग बेस, मग गिटार असं एकेकाचं घेतलं, आणि नंतर संगणकावर प्रत्येक ठोका रेघेवर नेऊन ठेवला. ऐकायला सगळं बरोबर, पण त्यात ते चौघं नव्हते. त्यांनी मला काही बोलून दाखवलं नाही, पण पुढचा अल्बम ते माझ्याकडे करायला आले नाहीत, आणि ते योग्यच केलं. तेव्हापासून असा बँड आला की ड्रम, बेस आणि गिटार एकत्र, एकमेकांकडे बघत वाजवायला लावतो. गिटारचे अँप्लिफायर शेजारच्या खोलीत, माणसं एका खोलीत. आवाज नंतर. दुसऱ्या कडव्यात सगळे मिळून किंचित धावले तर धावू देतो. एकटा धावला तर मात्र परत.

गाण्यांच्या लांबीबद्दल एक तांत्रिक गोष्ट, कारण तुमच्यापैकी कुणीतरी तबकडी काढायचा विचार करत असणार. अल्बममध्ये चौदा गाणी, एकूण २९ मिनिटं. सगळ्यात लांब गाणं अडीच मिनिटांच्या थोडं पुढे. प्रत्येक बाजूला सात गाणी म्हणजे साडेचौदा मिनिटं. बाजू लहान असली की खोबणीला जागा जास्त मिळते आणि तबकडी जास्त मोठ्या आवाजात कापता येते. बावीस-चोवीस मिनिटं कोंबली की आवाज खाली घ्यावा लागतो. छोटी गाणी लिहिणाऱ्यांना हा आयता फायदा आहे, तो घालवू नका.

पैशांचं आता. ६,४०० डॉलर ऐकायला किरकोळ वाटतात, पण १९७६ चे ६,४०० म्हणजे आजचे पस्तीस हजारांच्या आसपास. आपल्या पैशांत तीस लाखांच्या घरात. त्या काळच्या मोठ्या बँडांच्या मानाने ते नगण्य होते, तुमच्या-माझ्यासाठी नाहीत. तुम्हाला तेवढे लागणारही नाहीत, कारण आज टेप विकत घ्यायची नाही आणि आवाज घरी शांत खोलीत घेता येतात. जे आहेत ते ड्रमसाठी चांगल्या खोलीवर घाला, ड्रमच्या नव्या चामड्यांवर आणि नव्या तारांवर घाला, आणि मास्टरिंगसाठी, म्हणजे तयार मिक्सवरच्या शेवटच्या हातासाठी, थोडे बाजूला काढून ठेवा. जॅमरूममधल्या सहा महिन्यांच्या भाड्याला खर्च म्हणू नका, तेच तुमचं बजेट आहे.

मुखपृष्ठाची गोष्ट मला फार आवडते. सायर या रेकॉर्ड कंपनीनं आधी सुमारे दोन हजार डॉलर खर्चून बीटल्सच्या मुखपृष्ठासारखा फोटो काढून बघितला. तो कुणालाच पटला नाही. मग रोबर्टा बेलीनं पंक नावाच्या मासिकासाठी काढलेला एक कृष्णधवल फोटो १२५ डॉलरला घेतला. विटांची भिंत, चौघं ओळीत उभे, चामडी जॅकेटं, गुडघ्यावर फाटलेल्या जीन्स. त्यानंतर किती बँडांनी भिंतीला टेकून फोटो काढले याची गणतीच नाही. त्या फोटोत ते जसे रोज रस्त्यावर दिसायचे तसेच दिसतात, म्हणून तो चालला. तुम्ही कोल्हापुरात न्यूयॉर्कची भिंत शोधू नका. तालमीनंतर घामेजलेले जिथे चहाला उभे राहता, तिथे कुणाला तरी फोटो काढायला सांगा.

आणि प्रकाशन. कंपनीनं त्यांना आधी फक्त एका सिंगलचा, म्हणजे एका गाण्यासाठी काढलेल्या छोट्या तबकडीचा, करार देऊ केला होता. तो त्यांनी नाकारला. अल्बम करायचा तर पूर्ण, या हट्टावर ते टिकले, कारण ती चौदा गाणी एकत्रच उभी राहतात हे त्यांना कळत होतं. २३ एप्रिल १९७६ ला अल्बम बाजारात आला. समीक्षकांनी उचलून धरला, रेडिओनं हात लावला नाही. बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत तो १११ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. दोन सिंगल्स आली, एकही यादीत लागलं नाही. कंपनीच्या हिशेबात हा पडलेला अल्बम होता.

मग त्यांनी केलं काय, तर गाडीत सामान भरून वाजवत सुटले. ४ जुलै १९७६, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, ते लंडनच्या राउंडहाउसमध्ये वाजवत होते. क्लॅश हा लंडनचा दुसरा पंक बँड आणि पिस्टल्स त्या रात्री समोर बसून ऐकत होते, असं बरेच जण सांगतात. ते बरोबर नाही. ते दोन्ही बँड त्याच संध्याकाळी शेफील्डला एकत्र वाजवत होते, आणि क्लॅशचा तो पहिलाच जाहीर कार्यक्रम होता. भेट झाली ती दुसऱ्या दिवशी, लंडनच्याच डिंगवॉल्स या क्लबमध्ये. अल्बम त्या पोरांनी आधीच ऐकलेला होता. आता तो वाजवणारी माणसं बघितली, आणि हे आपल्यालाही करता येईल असं त्यांना वाटलं. यादीतल्या क्रमांकाला हे मोजता येत नाही.

पाच लाख प्रती विकल्या गेल्याचं गोल्ड प्रमाणपत्र या अल्बमला मिळालं एप्रिल २०१४ मध्ये, अडतीस वर्षांनी. जोई २००१ मध्ये गेला, डी डी २००२ मध्ये, जॉनी २००४ मध्ये. टॉमी एकटा उरला होता. तोही २०१४ मध्येच, ११ जुलैला गेला. ते प्रमाणपत्र त्याच्या हयातीत आलं, एवढंच मला बरं वाटतं.

तुमच्या प्रकाशनासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. मूळ अल्बमवर सगळी स्वतःची गाणी 'रमोन्स' या एकाच नावावर होती, लिहिली मात्र वेगवेगळ्यांनी. ब्लिट्झक्रीग बॉप बहुतांशी टॉमीचं, बराचसा अल्बम डी डीच्या डोक्यातला. तुम्ही हे आत्ताच, मैत्री चांगली असताना, कागदावर लिहा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती. लिहिणाऱ्यांनी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करून देणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घ्या. दुसरं, गाणी डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे ती ऑनलाइन ऐकण्याच्या ॲपवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडे, प्रकाशनाच्या किमान महिनाभर आधी द्या. आदल्या आठवड्यात दिलेल्या अल्बमचं मुखपृष्ठ चुकतं, नावांचं स्पेलिंग चुकतं, आणि दुरुस्त करेपर्यंत लोक पुढे गेलेले असतात.

तुम्हाला सात दिवसांत जमेल का, ते मी इथून सांगू शकत नाही, पण तुम्ही स्वतः शोधू शकता. येत्या रविवारी जॅमरूममध्ये एक फोन खोलीच्या मध्ये ठेवा, रेकॉर्ड दाबा आणि बाराच्या बारा गाणी क्रमानं, न थांबता वाजवा. मध्ये बोलायचं नाही, चुकलं तरी पुढे जायचं. दुसऱ्या दिवशी चौघांनी एकत्र बसून ऐका आणि जिथे जिथे एकाचं तोंड एकीकडे आणि दुसऱ्याचं दुसरीकडे झालंय ती जागा वहीत मांडा. पानभर जागा निघाल्या तर स्टुडिओची तारीख अजून घेऊ नका. तीन महिन्यांनी पुन्हा असंच करा. पाच-सहा जागा उरल्या की मला ते रेकॉर्डिंग पाठवा, मग बसून दिवस ठरवू.